न जळणारी गोधडी

९ ऑक्टोबर

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. या पत्राच्या दोन घड्या आहेत. वरची आईला वाचून दाखव. ही आतली फक्त तुझ्यासाठी. वाचून झाली की शिवणाच्या डब्यात तळाशी ठेव. सुया टोचतात म्हणून आई तिथे हात घालत नाही.

आईसाठी एक गोधडी शिवायची असं मी ठरवलं आहे. मोठी नाही. खुर्चीत बसल्यावर कमरेपासून पावलांपर्यंत पुरेल एवढीच. म्हणजे तिला ती ओढत न्यावी लागणार नाही आणि कडा जमिनीवर लोळणार नाहीत. कडा लोळल्या की काय होतं ते आपण पाहिलं आहे.

तू म्हणशील, पुन्हा तेच. पण मला ते रोज आठवतं. दोन वर्षांपूर्वी ती शेगडी मी भरली होती. ती नेहमी आईच्या खुर्चीपासून चार विती लांब असायची. त्या दिवशी आई म्हणाली, पाय फार गार पडलेत, जरा पुढे सरकव. मी सरकवली आणि पाणी आणायला गेलो. किती सरकवली ते मोजलं नाही. परत आलो तेव्हा पांघरूण पेटलं होतं आणि आई ते डाव्या हाताने विझवत होती. त्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून ही गोधडी मीच शिवणार, आणि ती पेटणार नाही अशी शिवणार. कशी ते पुढच्या पत्रात. मला आईची बसलेली मापं हवीत, कमरेपासून पावलांपर्यंतची आणि एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंतची. तिला कळू न देता घे. आणि घरातले जुने कपडे पाठव, सुतीच, धुऊन वाळवलेले.

तू जड काही उचलू नकोस. विहिरीच्या काठाशी तर जाऊच नकोस.

तुझा धाकटा


२० ऑक्टोबर

प्रिय फूटपट्टी,

पत्र पोचलं. वरची घडी आईला वाचून दाखवली. "जेवण वेळेवर होते" हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "खोटं बोलतोय."

तुझ्या मापांपायी माझी काय फजिती झाली ते ऐक. आई खुर्चीत डुलकी काढत होती. मी दोरा घेऊन तिच्या पायाशी बसले. बसले म्हणजे काय, या पोटामुळे नुसती लवंडले. दोरा पावलापर्यंत नेला तशी आई डोळे न उघडता म्हणाली, "काय गं, मेलेल्या माणसाचं माप घेतात तसं काय घेतेस?"

मी म्हटलं, "मोजे विणतेय तुला."

"कमरेपर्यंत?"

मग तुझ्या भावजींना हाका मारून मला उठवायला लावलं. ते येईपर्यंत आम्ही दोघी हसून हसून रडत होतो. आकडा लिहिला तर तू माझ्या वितीवर शंका घेशील, म्हणून दोरेच पाठवते आहे. लांब दोरा उंचीचा, आखूड रुंदीचा. गाठीपासून गाठीपर्यंत मोज.

कपडे: बाबांचा निळा सदरा (खिसा अजून शाबूत आहे), आईची फुलाफुलांची चादर, स्वयंपाकघरातला पिवळा पडदा आणि तुझा सातवीतला शाळेचा शर्ट. तो आईने अजून जपून ठेवला होता. मी हळूच काढून घेतलाय, कळलं तर माझी खैर नाही.

विहिरीला काठ आहे आणि काठाला कठडा आहे. तू सहा वर्षांचा असतानाही ती अशीच होती. भित्रा कुठला!

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

पार्सल मिळालं. दोरे मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा एकच आकडा आला. तू चांगलं काम केलंस.

आता कशी पेटणार नाही ते सांगतो. आमच्या कारखान्यात काय बनतं ते मी घरी नीट कधी सांगितलं नव्हतं. खाणीतून पोत्यांत भरून एक दगड येतो. दिसतो दगडासारखा, पण सोलला तर त्याचे धागे सुटतात. पिंजणखान्यात, म्हणजे आमच्या खात्यात, तो यंत्रावर पिंजला की त्याचा कापूस होतो. आम्ही त्याला दगडकापूस म्हणतो. पुढे त्याच्या दोऱ्या आणि पट्ट्या होतात आणि त्या भट्ट्यांना आणि वाफेच्या नळ्यांना गुंडाळतात, कारण तो जळत नाही. अजिबात नाही. सोबत कागदाच्या पुडीत चिमूटभर ठेवला आहे. चिमट्यात धरून निखाऱ्यावर ठेवून पाहा. हात भाजून घेऊ नकोस.

संध्याकाळी झाडलोट करतात तेव्हा यंत्राखालचा सगळ्यात बारीक, मऊ माल मागच्या अंगणात टाकतात. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "ने की. घर भरून ने." मी रोज डबा धुऊन पुसून त्यातून थोडा थोडा आणतो. खोलीत पाटीवर पसरून हाताने पुन्हा पिंजतो, खडे निवडतो. ढगासारखा होतो. बोटांना बारीक कुसळं लागतात, पण वर दोन पदरी कापड आलं की आईला टोचणार नाहीत.

आमच्या खात्यात दिवे लावले की प्रत्येक दिव्याभोवती एक पांढरं कडं दिसतं. बाहेर पडतो तेव्हा आमचे केस, भुवया, सगळं पांढरं असतं. फाटकावरचा पहारेकरी रोज तोच विनोद करतो, "सांभाळून जा, आजोबा." पहिल्या यंत्रावर एक काका आहेत, त्यांनी मला काम शिकवलं. ते म्हणतात, "मला खरंच आजोबा म्हण." त्यांचं वय सेहेचाळीस आहे. बावीस वर्षं त्याच यंत्रावर आहेत. जिना चढताना तीनदा थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, तंबाखू. पण मी त्यांना तंबाखू ओढताना कधी पाहिलेलं नाही.

गोधडीचं त्यांना सांगितलं नाही. पुरुषाच्या हातात सुई म्हटल्यावर खात्यात महिनाभर हसतील.

तुझा धाकटा


१४ नोव्हेंबर

प्रिय फूटपट्टी,

तुझी जादू बघितली! आई शेजारी गेली होती तेवढ्यात पुडी सोडली, चिमट्यात धरून निखाऱ्यावर ठेवलं. लालभडक झालं. मला वाटलं, गेलं. बाहेर काढलं तर पुन्हा पांढरं शुभ्र, जसंच्या तसं. तुझ्या भावजींनी तर त्यावर फुंकर मारून, बोटांनी चुरडून, वास घेऊन पाहिलं. सुताराला प्रत्येक वस्तूचा वास घ्यायची खोड असते. मग पाच मिनिटं शिंकत बसले.

एक शंका. कापूस भरला की ती गोधडी राहत नाही, रजई होते. मोठ्या बहिणीला एवढं तरी कळतं.

आईचे गुडघे या थंडीत फार दुखतात. पण शेगडी जवळ घेत नाही. तू गेल्यापासून ती तिथेच असते, चार वितींवर. मी पुढे सरकवायला गेले की ओरडते. रात्री पाय चोळत बसते, पण सरकवू देत नाही. तिला हाताची भीती नाही रे. मला वाटतं, पुन्हा काही झालं तर तुला काय वाटेल याची भीती आहे. तेव्हा लवकर शिव.

ताई


११ डिसेंबर

ताई,

झाली. वरून गोधडी आहे, आतून रजई आहे. तुझंही खरं, माझंही खरं.

मधे बाबांचा निळा सदरा, भोवती चादरीची फुलं, कडेला पिवळा पडदा. माझा शर्ट मागच्या बाजूला अस्तरात आहे. बाबांच्या सदऱ्याचा खिसा मी उसवला नाही. तो डाव्या बाजूला येईल असा बसवला आहे. आईने डावा हात त्यात ठेवावा.

लाल दोऱ्याने धावदोरा घातला आहे. एकूण एक्केचाळीस ओळी, दोन ओळींमध्ये दोन बोटं अंतर, म्हणजे आतला कापूस एका बाजूला गोळा होणार नाही. सदतिसावी ओळ वाकडी गेली होती, ती उसवून पुन्हा घातली.

आता नीट वाच. धुवायची नाही, धुतली तर आत गोळे होतील. त्याऐवजी रोज सकाळी उन्हात दोरीवर टाकायची आणि काठीने दोन्ही बाजूंनी वीस वीस फटके मारायचे, म्हणजे कापूस फुललेला राहील. टाक्यांच्या भोकांतून पहिले काही दिवस थोडी पांढरी धूळ निघेल. मी खोलीतच दोरी बांधून झटकून पाहिली, आधी पुष्कळ निघाली, मग कमी झाली.

काका आठ दिवस कामावर आलेले नाहीत. त्यांच्या यंत्रावर मला घातलं आहे. बढतीच म्हणायची. माझा घसा थोडा धरला आहे, पण ते हवेमुळे. आईला सांगू नकोस.

पार्सल उद्या टाकतो. गाठी पाच मारल्या आहेत. कात्री लावू नकोस, सोडव.

तुझा धाकटा


२ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

गाठी सोडवता सोडवता माझी दोन नखं गेली. पण ते राहू दे, आता मन लावून वाच.

गोधडी आईच्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, ओळख कोणी शिवलीय. तिने ती उलटी केली आणि टाके बघितले. बायका उलट्या बाजूनेच काम ओळखतात. दहा-बारा टाके बोटाने चाचपले आणि म्हणाली, "हे एवढं सारखं अंतर ठेवणारा घरात एकच आहे." मग निळा सदरा दिसला. मग खिसा दिसला. डावा हात त्यात घातला. शर्ट चोरल्याबद्दल मला एक चापटी मिळाली, ती मी तुझ्या नावे लिहून ठेवली आहे.

संध्याकाळी तिने स्वतः उठून शेगडी सरकवली. मला म्हणाली, "त्याला लिही, शेगडी मी आता दोन वितींवर ठेवते." एवढंच. मी विचारलं, अजून काय लिहू? म्हणाली, "एवढंच लिही. त्याला कळेल."

तुझ्या सांगण्याप्रमाणे रोज सकाळी वीस आणि वीस फटके चालू आहेत. मला आता वाकता येत नाही म्हणून आईच मारते. आत पिवळ्या खिडकीशी, म्हणजे तो पडदा होता तिथे, दोरी बांधली आहे, बाहेर धुकं असतं. आई म्हणते, इतकी हलकी आणि इतकी ऊबदार वस्तू तिने जन्मात पांघरली नाही.

घसा कसा आहे? मीठ घालून गरम पाणी घे.

ताई


१७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी खिशात घेऊन हिंडतो आहे. दोन विती हे शब्द जिथे आहेत तिथे घडीवर कागद फाटायला आला म्हणून मागून पट्टी चिकटवली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

इथे एक गाडी आली होती. आत डॉक्टर आणि छातीचे फोटो काढायचं यंत्र. पिंजणखान्यातल्या सगळ्यांना एकेक करून उभं केलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मुकादम म्हणाला, कागदपत्रांसाठी असतं. फोटो आम्हाला दाखवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांना कामावरून परत पाठवलं. दोघेही दहा वर्षांपेक्षा जुने.

काका आता येणार नाहीत असं ऐकलं. त्यांचा डबा आणि चष्मा माझ्याजवळ राहिला आहे. रविवारी जाऊन देऊन येईन.

तुझे दिवस भरत आले. सुईण कुठे राहते, घरी नसली तर दुसरी कोण, हे कागदावर लिहून दाराला लावून ठेव.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी मामा,

हो, मामा! मुलगी झाली, एकोणतीस तारखेला, पहाटे. सुईण घरीच सापडली. दाराला कागद लावला होता, तुझ्या भावजींनी घाईत तो न वाचताच फाडला आणि त्यात चप्पल गुंडाळून नेली.

छोटी गोरी नाही, काळी नाही, नुसती लाल आहे. रडते तेव्हा भिंतीवरची ताटं वाजतात. पहिल्या दिवसापासून ती तुझ्याच गोधडीत आहे. आई म्हणाली, "माझे गुडघे मेले तरी चालतील, पोरीला थंडी नको." माप अगदी बरोबर बसलं, खाली अर्धी, वर अर्धी. निजवताना आई वरून थोपटते, आणि थोपटलं की टाक्यांतून बारीक धूळ उडते. सकाळी पिवळ्या खिडकीतून ऊन आत येतं ना, त्यात ती धूळ अशी चमकते, जणू कोणी चांदी कुटून उधळली आहे. छोटी टक लावून तिकडे बघते. बाकी कशाकडे बघत नाही, पण त्या चमचमीकडे बघते आणि गप्प होते. म्हणून रडायला लागली की आता आम्ही मुद्दाम थोपटतो. सगळ्या घराला युक्ती सापडली आहे.

आई जरा खोकते. थंडी आहे. काकांना भेटलास का?

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. उभी असशील तर बस. नाही, बसू नकोस. आधी जा, छोटीला त्या गोधडीतून काढ, तिचे कपडे बदल, तिला दुसऱ्या खोलीत ने आणि मग वाच.

चार रविवार जमलं नाही, काल काकांकडे गेलो. एकच खोली. ते उशांना टेकून बसले होते, आडवं होता येत नाही. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागतं. मी डबा आणि चष्मा दिला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी सांगितलं की मला भाची झाली आणि आईसाठी मी जी गोधडी शिवली, झाडलोटीचा दगडकापूस भरून, ती आता भाचीला घालतात.

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कशाचा कापूस?"

मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या बायकोचा फोटो होता. म्हणाले, "ही कारखान्यात कधी आली नव्हती. फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. ती फक्त माझे कपडे झटकायची. रोज संध्याकाळी. दारात उभी राहून." मग श्वास घेतला. "माझ्या आधीच गेली, चार वर्षांपूर्वी. हाच खोकला."

मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. ते म्हणाले, "तंबाखू म्हटलं की कामावर ठेवतात." मग माझा हात धरला आणि म्हणाले, "काढून घे त्यांच्याकडून. आज."

ताई, तो कापूस जात नाही. तो तुटून तुटून इतका बारीक होतो की दिसत नाही, आणि श्वासाबरोबर आत गेला की बाहेर येत नाही. जे चमकतं ते तेच आहे.

तार करणार होतो, पण एवढं तारेत मावत नाही, आणि तार म्हटली की आई घाबरते. गोधडी घराबाहेर काढ. झटकू नकोस. जाळून टाक.

तुझा धाकटा


२५ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले. मग चहा केला, पुन्हा वाचलं आणि जरा हसू आलं. रागावू नकोस.

आठव बरं. तू नऊ वर्षांचा असताना मधमाशी चावली तर तू आईला सांगितलंस की बाबांचं घड्याळ तू मेल्यावर मला द्यावं. कोळशाचा धूर आला की तू आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करायचास. गेल्या वर्षी मांजर शिंकली म्हणून तू चार पानी पत्र लिहिलंस. भीती तुझी जुनी मैत्रीण आहे, आणि आता तिला काकांसारखा सोबती मिळाला. बिचारे आजारी आहेत, बायको गेलेली. माणूस एकटा पडला की काहीही जोडतो.

आणि खरं सांगू? त्या गोधडीने आई दोन वर्षांनी शेगडीजवळ बसायला लागली. तिला मी काय सांगू? तुझ्या लेकाने तुला विष शिवून पाठवलं?

तरी तू म्हणतोस म्हणून ती उचलून पेटीत ठेवली आहे. आता निश्चिंत हो. छोटी मस्त आहे, गाल बघशील तर चिमटा काढल्याशिवाय राहणार नाहीस. आईचा खोकलाही कमी आहे.

ताई


५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. मी घाबरट आहे हे खरं आहे. मी आजवर शंभर वेळा ओरडलो आणि शंभर वेळा काही झालं नाही, हेही खरं आहे. म्हणून या वेळी मी माझं काही लिहीत नाही. मी शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो, कारखान्याच्या नव्हे, आणि ते जे बोलले ते त्यांच्यासमोर बसून वहीत उतरवून घेतलं. ते असं.

तो कापूस थोडा छातीत गेला म्हणजे आजार होईलच असं नाही. किती गेला तर होतो, हे कोणी सांगू शकत नाही. कमी गेलेला बरा, आणि आजच थांबलेला सगळ्यात बरा. त्यावर औषध नाही. झाला तर लगेच कळत नाही, वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी कळतं. मी विचारलं, माणूस लहान असेल तर? ते म्हणाले, "लहान माणसाजवळ तेवढी वर्षं असतात."

म्हणजे छोटीचे गाल बघून काहीच कळत नाही.

माझा फोटोही काढला. ते म्हणाले, "आत्ता काही दिसत नाही." आत्ता या शब्दाखाली मी वहीत दोन रेघा ओढल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या पत्रात मी घाईत एक भयंकर चूक केली. जाळून टाक असं लिहिलं. ते पत्र मी दोनदा वाचलं होतं तरी ती चूक दिसली नाही. मीच ती न जळणारी शिवली आणि मीच जाळायला सांगितली. जाळू नकोस! कापड जळेल, दोरा जळेल, आणि आतला सगळा कापूस मोकळा होईल. गोधडी आहे तिथेच पाण्याने चिंब भिजव, ओल्या पोत्यात बांध आणि भावजींना सांग, खोल खड्ड्यात पुरायला, वस्तीपासून लांब. काम करताना तोंडावर ओलं फडकं. छोटीला शेजारी ठेव. घर झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस आणि ती फडकीही पूर.

मी निघालोच होतो. पिशवी भरली होती. मग पिशवीतल्या कपड्यांवर पांढरं दिसलं. माझ्या उशीवर आहे, केसांत आहे. नवे कपडे घेऊन, काम सोडून, महिनाभर कुठेतरी राहून मगच येईन. तोवर येत नाही.

तुझा धाकटा


८ मार्च

धाकट्या,

आज चेष्टा नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले. गोधडी पेटीत ठेवली असं लिहिलं तेव्हा छोटी तिच्यातच झोपली होती. मला वाटलं, तू लांब आहेस, तुझा जीव शांत राहील आणि आईचंही मन मोडणार नाही.

काल सकाळी आईने नेहमीसारखं थोपटलं आणि चहा प्यायला बसली. मी उन्हाच्या त्या पट्ट्याकडे बघत होते. दुसरी कुठलीही धूळ एवढ्यात खाली बसली असती. ही बसेना. आईचा चहा संपला, तिने कप विसळला, पालथा घातला, तरी ती तिथेच, लुकलुकत. आणि छोटीने त्यात तोंड उघडून जांभई दिली. मला दारात कपडे झटकणारी ती बाई आठवली. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण ती मला अगदी आपल्या दारात दिसली.

मग मी आईला सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, "त्याच्या अंगावर हे रोज पडतं?" मी हो म्हटलं. मग ती स्वतः उठली, गोधडी काढली, आणि म्हणाली, "जाळ म्हणालाय ना, चल."

काल दुपारी अंगणात जाळली. तू झटकू नको म्हणाला होतास, म्हणून तशीच अलगद पसरली. तुझ्या भावजींनी भुसा टाकला, रॉकेल ओतलं. चादरीची फुलं आधी गेली, मग बाबांचा सदरा. खिसा जरा वेळ टिकला. आई पदराआड तोंड न लपवता अगदी जवळ उभी होती.

आग विझली आणि आम्ही बघतच राहिलो. कापड नाही, दोरा नाही, पण गोधडी तशीच होती. पांढरी शुभ्र, त्याच आकाराची, आणि तिच्यावर तुझ्या टाक्यांच्या खाचा, सगळ्या ओळी, दोन दोन बोटांवर. आईने मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. म्हणाली, "बघ, माझ्या लेकाचं काम. आगीलाही दाद दिली नाही."

आता हिचं काय करायचं ते लवकर कळव. अंगणातच आहे. काठीने ढकलायला गेलो तर भुगा होऊन उडायला लागली, म्हणून वर पाटी पालथी घातली आहे. कडेची थोडी वाऱ्याने गेली.

तू तिथलं काम सोड. आईने हे तीनदा लिहायला सांगितलं आहे. काम सोड, काम सोड.

ताई


१६ मार्च

ताई,

काम सोडलं. आईला आधी हे सांग.

माझं पाच तारखेचं पत्र एव्हाना पोचलं असेल. त्यात सांगितलं तसं करा. पाटी उचलायच्या आधी तिच्या कडांनी सावकाश पाणी सोडा, धारेने नको, हाताने. पाटीसकट पुरा. भोवतालची मातीही चार बोटं खरवडून, ओली करून. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते का? असतील तर तेही.

काका परवा गेले. त्यांना खांदा द्यायला पिंजणखान्यातले आम्ही सहा जण होतो. वाटेत चौघांना थांबावं लागलं.

तू खोटं बोललीस म्हणून आई तुझ्यावर रागावली असेल तर तिला सांग, मी रागावलो नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही पेटीत ठेवली असंच लिहिलं असतं. शेगडी पुन्हा चार वितींवर नेऊ नका. ती दोन वितींवरच असू दे. मी येईपर्यंत ती कोणी हलवू नये.

आता मला एवढंच कळव. त्या दिवशी दुपारी अंगणात कोण कुठे उभं होतं ते कागदावर काढून पाठव. आग कुठे, आई कुठे, भावजी कुठे, तू कुठे. पावलांनी मोजून अंतर लिही. छोटी घरात होती की तुझ्या कडेवर, ते तू लिहिलं नाहीस. कडेवर असेल तर कुठल्या बाजूच्या, आणि तिचं तोंड कुणीकडे होतं.

आणि वारा कुठून कुठे वाहत होता, ते बाण काढून दाखव.

तुझा धाकटा